कुठली गिनी? आफ्रिकेतल्या ‘फ्रेंचवाल्या’ देशांत माल पाठवताना या चुका टाळा

रात्री साडेनऊला ओळखीच्या एका निर्यातदाराचा फोन. “अहो, गिनीला पंप पाठवतोय. कोटेशन सीएफए फ्रँकमध्ये दिलं तर चालेल ना?” मी विचारलं, कुठल्या गिनीला? पलीकडे शांतता.

आफ्रिकेत गिनी तीन आहेत. कोनाक्री राजधानी असलेल्या गिनीत कारभार फ्रेंचमध्ये चालतो, पण सीएफए, म्हणजे आफ्रिकेतल्या अनेक देशांत सामाईक असलेला फ्रँक, चालत नाही. त्यांनी १९६० मध्येच स्वतःचं चलन काढलं. गिनी-बिसाऊ आपल्या गोव्यासारखी पोर्तुगीजांची वसाहत, कागदपत्रं पोर्तुगीजमध्ये, तरी खिशात सीएफए. इक्वेटोरियल गिनीत स्पॅनिश, आणि तिथेही सीएफए, पण निराळा. गंमत म्हणजे तिन्ही देश फ्रँकोफोनी या फ्रेंच भाषेशी नातं सांगणाऱ्या देशांच्या संघटनेचे सदस्य आहेत.

म्हणून त्या संघटनेची यादी काढून ‘फ्रेंच बाजारपेठ’ ठरवू नका. २० मार्च १९७० ला नायजरच्या नियामे शहरात तिची पायाभरणी झाली. भाषा, शिक्षण, संस्कृती, राजकीय संवाद हे तिचं काम. जकात, चलन, करारांचे वाद यांच्याशी तिचा संबंध नाही. त्या यादीत रोमानिया आहे, व्हिएतनाम आहे, आर्मेनियाही आहे. ज्या अल्जीरियात फ्रेंच पावलोपावली कानावर पडते, तो मात्र नाही.

सर्वात महाग पडणारी चूक चलनाची. सीएफए फ्रँक दोन आहेत. पश्चिमेकडच्या आठ देशांचा एक्सओएफ, त्याची बँक डाकारला. मध्य आफ्रिकेतल्या सहा देशांचा एक्सएएफ, त्याची बँक याउंडेला. भाव दोन्हींचा सारखाच, युरोला बांधलेला. पण एकाच्या नोटा दुसऱ्याकडे चालत नाहीत. इनव्हॉइसवर नुसतं ‘सीएफए’ लिहिलंत, तर बँक कागद परत पाठवण्याची पाळी येते. चलनाचा कोड लिहाच. माझं विचाराल तर सरळ युरोत भाव द्या.

आता तो बांधलेला दर बघा. फ्रेंच कागदावर तो असा छापतात: १ युरो = ६५५,९५७. आमच्याकडच्या एका नव्या मुलाने तो ‘सहा लाख पंचावन्न हजार’ वाचला आणि शीटमध्ये तसाच भरला! फ्रेंच पद्धतीत स्वल्पविराम म्हणजे दशांशचिन्ह, आणि हजारांच्या गटांमध्ये मोकळी जागा. शिवाय सीएफएला व्यवहारात पैसे-सेंटिम नसतात, त्यामुळे सॉफ्टवेअरने मागे चिकटवलेली दोन शून्यं काढून टाका. ती कोणी पूर्ण आकड्यातच धरली, की रक्कम शंभरपट.

उधारीवर माल देणाऱ्यांनी ओहाडा हे नाव लक्षात ठेवावं. या संघटनेतल्या सतरा आफ्रिकी देशांनी व्यापारी कायदा एकसारखा केलाय: कंपनीची नोंदणी, तारण, वसुली, दिवाळखोरी. त्याचं सामाईक न्यायालय आबिजानला आहे. मूळ करारावर सह्या झाल्या १७ ऑक्टोबर १९९३ रोजी पोर्ट लुईला, म्हणजे जिथे मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहताहेत त्या मॉरिशसमध्ये. पण मॉरिशस स्वतः ओहाडात नाही! मोरोक्को आणि मादागास्करही नाहीत. तिन्ही गिनी मात्र आहेत. ग्राहक ओहाडातला असेल तर त्याचा आरसीसीएम, म्हणजे व्यापारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. त्यात साधारणपणे देश, शहर, वर्ष दिसतं, आणि ‘ए’ किंवा ‘बी’ अक्षर: ए म्हणजे एकटा व्यापारी, बी म्हणजे कंपनी. ‘मोठी कंपनी’ म्हणवणाऱ्याच्या क्रमांकात ए निघाला तर आगाऊ पैसे मागायला लाजू नका.

मार्च २०२५ मध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी फ्रँकोफोनी सोडत असल्याचं जाहीर केलं. ज्या नायजरमध्ये संघटना जन्मली, तोही त्यात. तेव्हा मला दोन-तीन मेल आले: आता तिथलं चलन बदललं का, जुनी कंत्राटं रद्द का? तसं काही नव्हतं. सीएफए आणि ओहाडा ही वेगळी खाती. त्या घोषणेने त्यांना धक्का लागला नाही.

गिनीसारखाच घोळ दोन काँगोंचाही: ब्राझाव्हिलमध्ये सीएफए, नदीपलीकडे किन्शासात काँगोली फ्रँक.

पंपवाल्याची गिनी शेवटी बिसाऊची निघाली. भाव युरोत करून दिला. पण खास पैसे मोजून लिहून घेतलेला फ्रेंच मेल आता पोर्तुगीजमध्ये करून हवाय म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन.