कुत्र्याला लकवा मारल्यासारखे वाटते तेव्हा

धडधाकट कुत्रे एकाएकी कलंडले, मान तिरपी झाली आणि उठवले तरी त्याच बाजूला पडू लागले, की आपल्याकडे लकवा मारल्याचे निदान अंगणातच होऊन जाते. माणसाप्रमाणे कुत्र्यालाही पक्षाघात होतो, हे खरे आहे. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते आणि तेवढ्या भागाचे काम थांबते. मात्र माणसासारखे वाकडे झालेले तोंड कुत्र्यात सहसा ठळक दिसत नाही, म्हणून चाल, पाय आणि डोळे नीट पाहावेत.

पक्षाघाताची मोठी खूण म्हणजे त्याचा अचानकपणा. लक्षणे काही मिनिटांत किंवा तासांत दिसतात, पहिले एक-दोन दिवस कधी वाढतात आणि मग स्थिरावतात. आठवडाभर हळूहळू खालावत गेलेल्या कुत्र्याचा आजार बहुधा वेगळा असतो. एका बाजूचे पाय लुळे पडणे, एकाच दिशेने गोल फिरत राहणे, दाराच्या चौकटीला धडकणे, झटके येणे ही लक्षणे मेंदूच्या कोणत्या भागाला इजा झाली त्यानुसार बदलतात. कधी कुत्रे ताटलीतील अर्धेच अन्न खाते आणि उरलेली अर्धी बाजू तशीच राहते. ती भूक मेल्याची खूण नसून, त्या बाजूचे त्याच्या ध्यानातच येत नसते.

म्हाताऱ्या कुत्र्यांत तोल सांभाळणारी आतल्या कानाची यंत्रणा अचानक बिघडते, तेव्हाही मान वाकडी होते, बुबुळे झरझर हलतात आणि उलट्या होतात. हा प्रकार दिसायला भयंकर असला, तरी तीन दिवसांत उतार पडू लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्री सावरतात. फरक ओळखण्यासाठी कुत्र्याला आधार देऊन उभे करावे आणि एकेक पंजा अलगद उलटा करून त्याची पाठ जमिनीला टेकवावी. बिघाड केवळ कानाचा असेल, तर कुत्रे पंजा तत्काळ सरळ करते. पंजा तसाच राहिला किंवा बुबुळे वर-खाली हलत असली, तर मेंदूला इजा झाल्याचा संशय बळावतो.

आपल्या भागात आणखी काही शक्यता आधी तपासाव्या लागतात. गोचिडतापात रक्तातील प्लेटलेट कमी होऊन क्वचित मेंदूतही रक्तस्राव होतो. कापसावर किंवा तुरीवर फवारणी सुरू असताना लाळ गळणे, अंग थरथरणे आणि बाहुल्या टाचणीएवढ्या होणे ही विषबाधेची लक्षणे आहेत, तर मे महिन्यातील उन्हात धापा टाकत कोसळलेल्या कुत्र्याला उष्माघात झालेला असू शकतो. या तिन्हींवर उपचार आहेत आणि ते वेळेवर व्हावे लागतात. लस न दिलेल्या कुत्र्याचा स्वभाव दोन-चार दिवसांत बदलला असेल, जबडा लोंबत असेल किंवा लाळ गळत असेल, तर पिसाळण्याचा धोका धरून त्याच्या तोंडाजवळ जाऊ नये. लाळ जखमेला किंवा खरचटलेल्या जागी लागलीच, तर ती जागा पंधरा मिनिटे साबणाने धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठावा.

झटका आलेल्या कुत्र्याला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची आपली जुनी खोड निरुपयोगी आहे. तोंडात पाणी ओतणे तर घातकच, कारण ते फुप्फुसात जाते. पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन यांसारखी घरातील औषधेही देऊ नयेत; रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढतो. मोबाइलवर व्हिडिओ काढावा आणि कुत्र्याला पोत्यावर किंवा वाकळीवर घेऊन, डोके किंचित उंच ठेवून दवाखान्यात न्यावे. परभणी व उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेथील रुग्णालयात दाखवता येईल. पक्की खात्री एमआरआयनेच होते. ते शक्य नसले तरी रक्ततपासणी, रक्तदाब, मूत्रपिंड आणि हृदय यांची तपासणी डॉक्टरांना जरूर करायला सांगावी, कारण मूळ आजार अनेकदा तेथेच सापडतो.

गुठळी विरघळवणारी औषधे कुत्र्यांत सहसा वापरत नाहीत, त्यामुळे पुढची भिस्त शुश्रूषेवर असते, आणि ती घरच्यांनाच करावी लागते. शहाबादी फरशीवर पाय घसरतात, म्हणून गोणपाटावर जाड अंथरूण टाकावे. उठता न येणाऱ्या कुत्र्याची कूस दर दोन-चार तासांनी बदलावी. एकाच कुशीवर ठेवल्यास कातडीला जखमा होतात आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात माश्या बसून त्यांत अळ्या पडतात. लघवी-शी झाली की जागा लगेच पुसून कोरडी करावी. बारा तास लघवी झाली नाही तर डॉक्टरांना कळवावे. पूर्ण शुद्धीवर आल्यावरच, छातीवर बसवून आणि मान सरळ धरून, कांदा-लसूण नसलेल्या रश्श्यात कुस्करलेली भाकरी थोडी थोडी भरवावी. खोकला आला की थांबावे.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर प्रत्येक पायाचा एकेक सांधा हलक्या हाताने दहा-पंधरा वेळा दुमडावा आणि ताणावा, दिवसातून तीनदा. पोटाखालून पंचा घालून उभे करणे आणि चार पावले चालवणे हा पुढचा टप्पा. लुळ्या पायाला जमिनीचा स्पर्श होऊ द्यावा. अनेक कुत्री काही आठवड्यांत बरीच सुधारतात, थोडी तिरपी मान किंवा लंगडी चाल राहिली तरी त्यांचे रोजचे चालते. उलट शुद्ध हरपू लागली, झटके पुन्हा आले किंवा श्वास बदलला, तर सुधारणेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.