आक्षीच्या पुळणीवर कुरव आणि चिखले कसे बघावेत

दुर्बीण पिशवीत टाकण्याआधी कालनिर्णय बघा. कुरव (गल), चिखले (प्लोव्हर) अशा किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो. अलिबागजवळ आक्षीला ओहोटीत पाणी इतकं मागे हटतं की पक्षी नुसते ठिपके दिसतात. भरती चढू लागली की तेच पक्षी पाण्यापुढे सरकत आपल्याकडे येतात.

म्हणून पूर्ण भरतीच्या दोन तास आधी पोहोचा. हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. द्वादशीला १२ गुणिले पाऊण, म्हणजे ९ वाजता भरती; सातला पुळणीवर हजर. थोडं मागेपुढे होतं, म्हणून भरतीचा तक्ताही बघून घ्या. सकाळच निवडा. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ऊन पाठीवर येतं. संध्याकाळी त्याच पक्ष्यांच्या काळ्या आकृत्या उरतात. हंगाम ऑक्टोबर ते मार्च, दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते.

थव्याकडे सरळ चालत जाऊ नका, तिरकं जा. चरणारे पक्षी माना वर करून थांबले की तिथेच थांबा. स्थलांतरासाठी साठवलेली चरबी प्रत्येक उड्डाणात खर्च होते. खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर उभे राहू नका. मागून पाणी भरतं आणि परतीची वाट बंद होते.

रंगाआधी चाल बघा. चार पावलं पळाला, थबकला, टोच मारली, पुन्हा पळाला, तर तो चिखल्या. मान खाली घालून लांब चोच चिखलात खुपसत राहिला, तर तुतवाराच्या (सँडपायपर) गोतावळ्यातला. लाटेमागे धावत जाऊन पुढच्या लाटेआधी परतणारा पांढुरका पक्षी म्हणजे सँडरलिंग. चिखल्याच्या मानेमागे पांढरी पट्टी आणि पाय काळसर असतील तर तो केंटिश चिखल्या.

कुरवांत मात्र नावच फसवतं. काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा, दोघांचंही डोकं हिवाळ्यात पांढरंच असतं. कानामागे एक गडद ठिपका तेवढा उरतो. तेव्हा डोकं सोडा, डोळा बघा. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचा डोळा फिकट, दुसऱ्याचा गडद. पण पहिल्या वर्षाच्या पिल्लाचा डोळा दोघांतही गडद असतो, म्हणून उडेपर्यंत वाट बघा. पंखाचं टोक ठळक काळं असेल (प्रौढात त्या काळ्यात पांढरे ठिपके), तर तपकिरी डोक्याचा. पंखाची पुढची कड लांबवर पांढरी असेल, तर काळ्या डोक्याचा. दोघेही साधारण कावळ्याएवढे. त्यांच्यात एखादा दीडपट मोठा, पिवळ्या चोचीवर काळा पट्टा असलेला दिसला, तर तो पल्लासचा कुरव.

कुणाच्या पायात रंगीत पताका (अभ्यासकांनी ओळखीसाठी लावलेली पट्टी) दिसली तर वरचा रंग, खालचा रंग आणि अक्षरं त्याच क्रमाने लिहा, फोटो काढा आणि मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा.

पूर्ण भरतीला थवा कोरड्या वाळूवर, बहुतेक एका पायावर, वाऱ्याकडे तोंड करून विसावतो. मोजणी तेव्हाच करा: आधी दहा पक्षी नीट मोजा, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत धरा आणि त्या मापाने पुढे सरका.