प्लेटिंगवाल्याचा रेट एवढा कमी कसा? पर्चेसवाल्यांसाठी थोडं कामाचं

ग्रीन पर्चेस म्हटलं की बहुतेक ठिकाणी काय होतं, तर एक्सेलची प्रश्नावली सगळ्या व्हेंडरना मेल होते, सगळे सगळीकडे 'येस' लिहून सही-शिक्का मारून परत पाठवतात आणि ऑडिटची फाईल तयार. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना सेबीचा बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा रिपोर्ट द्यावा लागतो, त्यामुळे ही प्रश्नावली वरून खाली, खालून अजून खाली अशी सरकत राहते. उपयोग शून्य. चाकण-भोसरीकडे ऑटोचे पार्ट बनवणाऱ्या मध्यम कारखान्यात खरंच काही करायचं असेल तर माझ्या मते असं करा.

आधी सगळ्यांच्या मागे लागू नका. स्टेशनरीवाला, बेअरिंगचा डीलर बाजूला ठेवा. घाण होते ती प्लेटिंग (धातूवरचा मुलामा), पेंटिंग, हीट ट्रीटमेंट, फाउंड्री इथे, आणि आपल्याकडचं वापरलेलं ऑइल नि केमिकलचे रिकामे ड्रम उचलणाऱ्या भंगारवाल्याकडे. हा शेवटचा पर्चेसच्या लिस्टमध्ये नसतोच, तो स्टोअरवाल्यांच्या ओळखीचा, म्हणून हमखास सुटतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे हे ऑइल आणि ड्रम दोन्ही घातक कचऱ्यात येतात, तेव्हा ते परवानगी असलेल्यालाच द्यायचे, दुसरा कोणी ड्रममागे कितीही जास्त देत असला तरी.

आता प्लेटिंगवाला घ्या, खरी गोम तिथेच आहे. त्याच्याकडून एमपीसीबीच्या, म्हणजे राज्याच्या प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटची (कारखाना चालवायच्या परवानगीची) कॉपी मागा आणि नुसती व्हॅलिडिटी बघून फाईलला लावू नका, आतली पानं वाचा. किती मालाची परवानगी, पाणी किती, सांडपाणी कुठे जाणार, स्लज (सांडपाणी साफ केल्यावर उरणारा गाळ) किती आणि कुठे द्यायचा, सगळं त्यात असतं. मग वर्षभराची फॉर्म १० ची मॅनिफेस्ट (घातक कचरा पाठवल्याचे कागद) मागा आणि फॉर्म ४ चं रिटर्न (त्या कचऱ्याचा वर्षाचा हिशेब), जे दरवर्षी ३० जूनपर्यंत भरायचं असतं. हे सगळं आपल्याच जॉबवर्कच्या चलनांशी ताडून बघा. समजा कन्सेंट महिन्याला ८ टनांचं आहे, आपलाच माल १० टन जातो आणि त्याची अजून चार गिऱ्हाइकं आहेत, मग बाकीचा माल कुठल्या कागदावर होतोय? स्लजचं एकही मॅनिफेस्ट नसेल आणि तो म्हणाला 'साठवून ठेवलाय साहेब, एकदम पाठवणार', तर घातक कचरा साधारण ९० दिवसांच्या वर ठेवताच येत नाही हे लक्षात ठेवा. आपल्या भागातला असा कचरा जातो तो रांजणगावच्या सामायिक सेंटरला, तिथल्या पावत्या मागितल्या की कळतंच.

व्हिजिटला जाताना आदल्या दिवशी फोन केलात तर धुतलेला फ्लोअर आणि चहा-बिस्किटं मिळतील. न सांगता जा, मालकाच्या केबिनमध्ये न बसता ईटीपीच्या (सांडपाणी साफ करायच्या प्लांटच्या) ऑपरेटरशी बोला. फिल्टर प्रेसमधला केक (दाबून पाणी काढलेला स्लज) ओला आहे की प्रेस बंद राहून वाळून तडकलाय? लॉगबुकात महिन्याभराचे पीएच एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहिल्यासारखे दिसतायत का? आणि सगळ्यात भारी म्हणजे मेटाबायसल्फाइटची बिलं. सहा वाला क्रोम (विषारी हेक्झाव्हॅलंट) तीनवर (कमी घातक ट्रायव्हॅलंटवर) आणायला बहुतेक ठिकाणी हेच वापरतात, तर तो हे विकतच घेत नसेल तर पाण्यावर ट्रीटमेंट कशाने करतो ते तिथेच विचारा.

पण सगळा दोष त्याच्या माथी मारू नका हं. कित्येकदा आपल्याच जुन्या ड्रॉइंगवर 'यलो पॅसिव्हेशन' (प्लेटिंगवरचा पिवळा संरक्षक थर) एवढंच लिहिलेलं असतं आणि बिचारा सहा वाल्या क्रोमचंच देतो. डिझाइनवाल्यांकडून ते 'ट्रायव्हॅलंट' असं बदलून घ्या, सॉल्ट स्प्रेचे (मिठाच्या फवाऱ्यात गंज न लागता टिकायचे) तास टाका आणि पीओवरही (खरेदीच्या ऑर्डरवरही) तसंच लिहा. युरोपच्या ईएलव्ही (भंगारात निघणाऱ्या गाड्यांच्या) नियमात सहा वाल्या क्रोमची मर्यादा वजनाने ०.१ टक्का आहे. नुसत्या रंगावरून ठरवू नका, रंगाचा डाय टाकलेलं ट्रायव्हॅलंटही पिवळंच दिसतं. डायफेनिलकार्बझाइडची स्पॉट टेस्ट करा, जांभळट झालं की सहा वाला क्रोम आहे, मग पक्क्या रिपोर्टसाठी सॅम्पल लॅबला पाठवा.

मग येतो रेट. ईटीपी नीट चालवायची तर केमिकल, वीज, माणूस आणि स्लज पाठवायचा खर्च, हे सगळं किलोमागच्या रेटमध्ये बसायला पाहिजे. तुम्ही दरवर्षी पैसे कापत राहिलात तर तो पहिली काट तिथेच मारणार, कारण प्लेटिंगची जाडी तुम्ही मोजता, नाल्यातलं पाणी नाही. म्हणून कोटेशनमध्येच ट्रीटमेंटचा खर्च वेगळ्या ओळीत मागा, जो ती ओळ रिकामी ठेवून सगळ्यात कमी रेट देतो त्याच्यापासून सावध राहा. आणि पेमेंट वेळेवर करा. तो मायक्रो किंवा स्मॉल उद्योग म्हणून रजिस्टर असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही, उशीर केलात आणि वर्षअखेरीपर्यंत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्सला धरत नाहीत, म्हणजे अकाउंट्सवालेही तुमच्याच बाजूने बोलतील.

किरकोळ त्रुटी असतील तर तारखा ठरवून लेखी प्लॅन घ्या, वेळ द्या. ईटीपीला बायपास करून गटारात सोडलेला पाइप दिसला तर मात्र माल थांबवा. हे करायची हिंमत दुसरा सोर्स तयार असेल तरच होते आणि नवीन प्लेटरचं सॅम्पल, सॉल्ट स्प्रे, कस्टमरचं अप्रूव्हल यात महिने जातात, तेव्हा त्याची ट्रायल पीओ आजच काढा.