व्हॅनमधली दादागिरी कशी थांबवावी

कोथरूडहून कर्वे रस्त्यावरच्या शाळेत मुलं सोडते, म्हणून ठामपणे सांगते: दादागिरी मागच्या सीटवर चालते, मोठ्यांची नजर पोचत नाही तिथे. कोण कुठे बसणार, हे मुलांवर सोडू नका. ज्याला चिडवतात ते पोर माझ्या आरशात दिसेल असंच बसतं.

डबा तसाच परत येतो, सकाळी पोट दुखतं, रोज पेन हरवतं? एकटं गाठून विचारा, "आज शेजारी कोण होतं?" एवढंच. सगळ्यांदेखत 'सॉरी' म्हणायला लावू नका; दुसऱ्या दिवशी वचपा निघतो. तारीख, जागा, शब्द वहीत टिपा, ग्रुपवरचे मेसेज पुसू नका, वर्गशिक्षकांना लेखी द्या. त्रास देणाऱ्याशीही वेगळं, शांतपणे बोला. कधी कधी त्यालाही घरी मार बसत असतो. कुणीच ऐकत नसेल तर १०९८, चाइल्ड हेल्पलाइन: फोन फुकट, २४ तास. मूल स्वतःही लावू शकतं.