आय-थ्रीमध्ये खिडकी खिशात ठेवा

दोन ओळींची नोंद करायला टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडलं, की बाकीच्या खिडक्या आक्रसतात आणि वाचत असलेली ओळ हरवते. आय-थ्री किंवा स्वे (लिनक्सवर खिडक्या आपोआप शेजारीशेजारी मांडणारे प्रोग्राम) वापरत असाल तर यावर आयता उपाय आहे, स्क्रॅचपॅड, म्हणजे खिडकी लपवून ठेवायचा खिसा. मी बरेच दिवस त्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

१. नोंदींचं टर्मिनल उघडा, त्यावर फोकस ठेवा (तीच खिडकी निवडलेली असू द्या).
२. मॉड (बहुधा विंडोज किंवा ऑल्टचं बटण) + शिफ्ट + वजाचं चिन्ह दाबा (आय-थ्रीच्या कॉन्फिग फाइलमध्ये हे आणि पुढचं शॉर्टकट नसतील तर आधी घालावे लागतात). खिडकी गायब होईल, घाबरू नका.
३. हवी तेव्हा मॉड + वजा. कुठल्याही वर्कस्पेसवर (आभासी डेस्कटॉपवर) असा, खिडकी मधोमध तरंगत येते, मागची मांडणी जशीच्या तशी. पुन्हा तेच दाबलं की जाते.

कायमची परत रांगेत बसवायची असेल तर तिच्यावर फोकस ठेवून मॉड + शिफ्ट + स्पेस.

आत चार-पाच खिडक्या कोंबल्या तर त्या पाळीपाळीने येतात आणि हवी ती शोधताना वैताग येतो. मी एकच ठेवतो.

सांभाळा: लपलेली खिडकी बंद झालेली नसते. लॉगआउट करण्याआधी ती एकदा बाहेर काढून बघा, सेव्ह न केलेला मजकूर तिच्याबरोबर जातो.