गेमचं कव्हर कसं करावं: बारक्यापासून मोठ्याकडे

मोठ्या मॉनिटरवर रंगवलेलं कव्हर छान भरगच्च दिसतं. गिऱ्हाईक मात्र ते तसं कधीच बघत नाही. संगणकावरचे गेम विकणाऱ्या 'स्टीम' या ऑनलाइन दुकानात कव्हरच्या चित्राला 'कॅप्सूल' म्हणतात. त्यांना 'लहान कॅप्सूल' म्हणून ४६२ × १७४ पिक्सेलचं चित्र द्यावं लागतं, आणि त्यातूनच स्टीम १८४ × ६९ आणि १२० × ४५ अशा आणखी बारीक प्रती काढतं. साध्या लॅपटॉपवर १२० × ४५ म्हणजे जेमतेम तीन सेंटीमीटर लांब आणि एक सेंटीमीटर उंच पट्टी. लोक याद्या खालीवर सरकवत असतात तेव्हा तुमचा गेम त्यांच्यासाठी एवढाच असतो. म्हणून माझं म्हणणं आहे की कव्हर त्या पट्टीपासून सुरू करावं आणि मग मोठं करत न्यावं.

एक उदाहरण धरून चालू. समजा तुमचा छोटा कोड्यांचा गेम आहे: मिसळणाचा डबा लावायचा. सात वाट्या, मोहरी, जिरं, हळद, तिखट, आणि कुठली वाटी कुठे बसेल याचे नियम.

१. आधी क्रियापद ठरवा

खेळणारा नेमकं काय करतो ते एका क्रियापदात लिहा. लावतो, जोडतो, फोडतो, पळतो, लपतो. फावल्या वेळात खेळायचा गेम घेणारा माणूस गोष्ट काय आहे हे फारसं बघत नाही. हे करायला मला मजा येईल का, एवढंच तो बघतो. आपल्या गेमचं क्रियापद 'लावणे'. मग नीट लावून ठेवलेला डबा कव्हरवर काढला तर खेळ संपल्यासारखा वाटतो. एक वाटी अजून हातात आहे, जागा रिकामी आहे आणि ती वाटी तिथे बसेल की नाही हे कळत नाही, असा क्षण काढा. बघणाऱ्याचा हात शिवशिवला पाहिजे.

क्रियापद चित्रात मावत नसेल तर चेहरा घ्या. २००९ साली आलेल्या अँग्री बर्ड्सच्या आयकनवर गलोल नव्हती, रागावलेल्या लाल पक्ष्याचा नुसता चेहरा होता. भुवया इतक्या जाड की कितीही लहान केल्या तरी राग दिसायचा.

२. कागदावर बारा चौकटी

तीन बाय एक सेंटीमीटरच्या बारा चौकटी आखा आणि जाड स्केचपेनने प्रत्येकीत वेगळी कल्पना काढा. पेन जाडच हवं, म्हणजे बारकावे काढताच येत नाहीत आणि चित्राचा सांगाडा उघडा पडतो.

डब्याच्या बाबतीत इथेच एक गोष्ट लक्षात येईल. सात वाट्यांचं ते फूल मोठ्या चित्रात सुरेख दिसतं, पण या चौकटीत त्याचे सात ठिपके होतात. मग वाट्या कमी करा. हळदीची एक वाटी मोठी, पुढे, मागे तिखटाची अर्धी, बाकी चौकटीबाहेर. गेममध्ये सात वाट्या आहेत म्हणून कव्हरवर सात दाखवल्याच पाहिजेत असं काही नाही.

३. रंग काढून बघा

कच्चं रंगीत चित्र झालं की ते कृष्णधवल करा. पार्श्वभूमी, मुख्य आकार आणि नाव, या तिघांच्या करड्या छटा वेगळ्या दिसायला हव्यात. हळदीचा पिवळा उजळ निघतो, म्हणून तो गडद पार्श्वभूमीवर उठतो. लाल तिखट आणि हिरवी कोथिंबीर शेजारी ठेवली तर रंगात झकास वाटतात, पण करड्यात बऱ्याचदा एकच डाग होतो. ज्यांना लाल-हिरवा फरक नीट दिसत नाही त्यांनाही ते असंच काहीसं दिसतं.

दुकानाची भिंत कुठल्या रंगाची आहे तेही बघा. स्टीमचं पान गडद निळसर असतं. त्यावर काळपट कडांचं कव्हर विरघळून जातं.

४. नावाची अक्षरं

इथे घाई करू नका, कारण बारक्या पट्टीत चित्रापेक्षा नावच जास्त काम करतं. स्टीमची सूचनाही हीच आहे की लहान कॅप्सूल नावाच्या लोगोने जवळपास भरून टाकावं.

देवनागरीत आणखी एक अडचण असते. मात्रा आणि वेलांटी वर जातात, उकार खाली उतरतो. ४५ पिक्सेल उंचीत वर-खाली दोन्ही आलं की मधल्या अक्षराला निम्मीच उंची उरते. त्यामुळे नाव ठरवतानाच ते लहान लिहून बघा. 'डबा' हा शब्द काना-रेघेवर भागतो आणि पट्टीभर मोठा होतो. 'मिसळणाचा' त्याच्या वर लहान ओळीत गेलं तरी चालेल.

फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेले मोफत फॉन्ट जरूर बघा. त्यांचा 'मोदक' इतका गुबगुबीत आहे की अक्षरांच्या पोटातल्या मोकळ्या जागेची फक्त रेघ उरते. मोठ्या बॅनरवर तो लाजवाब, बारक्या पट्टीत मात्र ती रेघ बुजते. 'बलू' गोलसर आहे तरी अक्षराचं पोट मोकळं ठेवतो, म्हणून लहान आकारात मी त्याच्याकडे वळते.

रोमन लोगोंसारखी अक्षरं सुटी करू नका. एका कव्हरवर मी अंतर थोडंसं वाढवलं आणि शिरोरेषेचे तुकडे झाले. लहान आकारात ते नाव तुटकी रेघ दिसू लागलं. शिरोरेषा अखंड ठेवा, ती वाचणाऱ्याच्या डोळ्याला धरून नेते. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटत असतील किंवा वेलांटी भलतीकडे जात असेल तर मजकुराच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात देवनागरी नीट बसते.

५. एकच चित्र कापत बसू नका

आकृती, पार्श्वभूमी आणि नाव वेगवेगळ्या लेयरवर ठेवा आणि प्रत्येक मापासाठी नव्याने मांडा. स्टीमला हेडर ९२० × ४३०, मुख्य कॅप्सूल १२३२ × ७०६, उभं कॅप्सूल ७४८ × ८९६ आणि लायब्ररीसाठी (म्हणजे खेळणाऱ्याने घेतलेल्या गेमच्या यादीसाठी) ६०० × ९०० लागतं. लायब्ररीतलं सर्वांत मोठं ३८४० × १२४० चं चित्र मजकुराशिवाय द्यायचं असतं. इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या ऑनलाइन दुकानाला ६३० × ५०० पुरतं. गुगल प्लेला ५१२ × ५१२ चा आयकन (कोपरे प्ले स्वतःच गोल करतं, तुम्ही करू नका) आणि १०२४ × ५०० चं फीचर ग्राफिक, म्हणजे गेमच्या पानासाठीचं आडवं चित्र. व्हिडिओ जोडला तर फीचर ग्राफिकच्या मधोमध प्लेचं बटण येतं, तेव्हा वाटी नेमकी तिथे ठेवू नका. प्लेवर मराठी पानासाठी वेगळी चित्रं देता येतात, ती सोय वापरा.

६. काय लिहायचं नाही

१ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या कॅप्सूलवर चित्र, गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. तारे, पुरस्कार, सवलत, कुणाची शाबासकी, काहीही नाही. प्लेच्या आयकनवरही 'नंबर १' किंवा 'फुकट' लिहिता येत नाही. मला हे नियम योग्य वाटतात. त्याच न्यायाने, गेम सपाट द्विमितीय असेल तर कव्हरवर चकाकता त्रिमितीय डबा काढू नये. फसवून आणलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत पैसे परत मागतो.

७. गर्दीत ठेवून तपासा

आपल्यासारख्या गेमच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्यातल्या एका कव्हरवर आपलं चिकटवा. ज्याने गेम पाहिलेला नाही अशा कुणाला तरी फोनवर दोन सेकंद दाखवा आणि फोन उलटा ठेवा. 'कसं वाटलं?' विचारू नका, घरची माणसं छानच म्हणतात. 'काय आठवतंय?' असं विचारा. 'पिवळी वाटी, कुठेतरी बसवायची होती' असं उत्तर आलं तर काम झालं. 'पाककृतींचं काहीतरी होतं' असं आलं तर वाटी दिसली पण खेळ दिसला नाही. मग रंगवलेली फाईल दुरुस्त करत बसू नका. पुन्हा बारा चौकटींकडे जा, आणि या वेळी वाटी जागेपेक्षा किंचित मोठी काढून बघा.

गेम बाजारात आल्यावर प्ले कन्सोलमध्ये (गेम करणाऱ्यांसाठीच्या प्लेच्या पानावर) दोन आयकन समोरासमोर चालवून बघता येतात. ॲपलच्या दुकानात मूळ पानाबरोबर तीन पर्याय जास्तीत जास्त ९० दिवस तपासता येतात. दर वेळी एकच गोष्ट बदला, पार्श्वभूमी तरी किंवा वाटी तरी. दोन्ही एकदम बदलल्या तर गेम घेणाऱ्यांचा आकडा कशामुळे हलला ते कळत नाही.