गिअरबॉक्स उघडण्याआधी ऑइलचा एक थेंब बघा
जुनी ऑटोमॅटिक गाडी 'डी'त (ड्राइव्ह) टाकल्यावर क्षणभर अडते आणि मग झटका देऊन निघते? लगेच गिअरबॉक्स उघडायला देऊ नका.

१. गाडी गरम झाल्यावर सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा. ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून 'पी'वर (पार्क) आणा.
२. इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्सच्या ऑइलची डिपस्टिक (पातळी मोजायची पट्टी) काढा, पुसा, परत घालून पातळी बघा. कमी ऑइल हेच कारण पुष्कळदा निघतं. मग गळती शोधा.
३. एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर, स्वच्छ असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास असेल तर गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेट झिजल्या असाव्यात. दुधाळ गुलाबी दिसलं तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) मिसळतंय, गाडी अजिबात चालवू नका.

काही गाड्यांत पातळी इंजिन बंद करून बघतात, काहींत डिपस्टिकच नसते. मॅन्युअल आधी वाचा.